सासूबाईंना घेऊन दुबईला येताय? देव्हारा जरूर आणा

तुमचा प्रश्न असा, की नवऱ्याची बदली दुबईला झालीय, सासूबाई सोबत येणार, तर मुस्लिम देशात घरात पूजा चालेल का आणि रमजानात खाण्याचे हाल होतील का. मी बारा वर्षं बर दुबईत, म्हणजे दुबईच्या जुन्या भागात राहतेय, तर अनुभवाचं सांगते.

देव्हारा जरूर आणा. घरातल्या पूजेला कोणी हरकत घेत नाही. धूप तेवढा खिडकी उघडून लावा, स्मोक अलार्म वाजतो. खाडीकाठी मशिदीच्या मागच्या गल्लीत 1958 पासून मंदिर आहे, बाहेर हारवाले बसतात. तिथलं शिवमंदिर 2024 च्या सुरुवातीला दुबईच्याच जबल अली भागात हलवलं, कृष्णमंदिर मात्र जुन्याच जागी राहिलं. जबल अलीचं मोठं मंदिर 2022 मध्ये उघडलं. शेजारी गुरुद्वारा आणि त्याच भागात चर्चही आहेत.

रमजानात रस्त्यात, ऑफिसात उपाशी माणसासमोर पाणीसुद्धा पिऊ नका. हॉटेलं उघडी असतात, 2021 पासून पडदे लावायची सक्तीही गेली. कामाचे दोन तास कमी होतात, तेही सगळ्यांचे, रोजा असो वा नसो.

2024 मध्ये पाडवा 9 एप्रिलला होता आणि त्याच दिवशी शेवटचा रोजा. बाल्कनीत कपडे वाळत घातले तरी दंड होतो, म्हणून गुढी आत, खिडकीशी उभारली. संध्याकाळी समोरच्या सीरियन बाईंकडे श्रीखंडाची वाटी घेऊन गेले. त्यांनी आधी विचारलं, "यात जिलेटिन नाही ना?" ते डुकराचंही असू शकतं, म्हणून. म्हटलं, नुसता चक्का, साखर, केशर. अजान झाली, त्यांनी खजूर तोंडात टाकला आणि मग चमच्याने वाटी पुसून खाल्ली. दुसऱ्या दिवशी ईदचे मामूल, म्हणजे खजूर भरलेली बिस्किटं, घेऊन आल्या आणि दारातच सांगितलं, यात अंडं नाही. तेव्हापासून दोघींचा हा शिरस्ता पडलाय.

आता दुसरी बाजू. इथे मोकळीक आहे, पण ती राज्यकर्त्यांनी आखलेल्या जागेपुरती. रस्त्यावर ढोल-ताशे, मिरवणूक हे विसरा. आम्ही गणपती घरीच बादलीत विसर्जित करतो. मुसलमानांमध्ये दुसऱ्या धर्माचा प्रचार करणं गुन्हा आहे. आणि कुठल्याही धर्माचा अपमान, अगदी व्हॉट्सअ‍ॅपवरसुद्धा, तुरुंगापर्यंत नेतो. 2015 चा कायदा होताच, 2023 मध्ये त्याच्या जागी नवा आला. 2020 मध्ये मुसलमानांविरुद्धच्या पोस्टमुळे इथल्या काही भारतीयांच्या नोकऱ्या गेल्या. मला हा नियम पटतो, कारण तो माझ्या देवालाही लागू आहे. पण तिकडच्या फॅमिली ग्रुपवर जे सहज पुढे ढकललं जातं, ते इथे महागात पडतं.

म्हणून निघण्याआधी एक काम करा. तुमच्या आणि सासूबाईंच्या फोनमधले ग्रुप बसून बघा. जिथे असले मेसेज फिरतात, तिथून मुंबईचं विमानतळ सोडायच्या आत बाहेर पडा.