चर्चमध्ये आता नुसता दिखावाच उरलाय का? अशा मंडळीत जावं की सोडून द्यावं?

सोलापुरातल्या एका मराठी मंडळीत मी तीन वर्षं खजिनदार होतो. त्या अनुभवावरून सांगतो.

भारी साड्या, कोट-टाय, रंगीत दिवे, यूट्यूबवर लाइव्ह उपासना हे सगळं बघून मन उठतं, असं तुम्ही लिहिलंय. लाइव्हचं पटलं. आमच्याकडेही कॅमेरा आल्यापासून काही जणांच्या प्रार्थना चांगल्याच लांबल्यात. पण साड्यांचं सोडा. आमच्यात विड्या वळणाऱ्या बऱ्याच बायका आहेत. मजुरी हजार विड्यांवर ठरते, त्यामुळे मांडीवरचं सूप आठवडाभर खाली उतरत नाही. रविवारी त्या ठेवणीतली साडी नेसतात, हात दोनदोनदा साबणाने धुतात, तरी प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेतली भाकर-द्राक्षारस घ्यायला, हात पुढे केला की तंबाखूचा वास येतोच. त्या साडीला दिखावा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दिखावा मला दिसला तो हिशेबाच्या वहीत. कापणीच्या सणाला लोक घरून ज्वारी, शेंगाचटणी, कडक भाकरी, एखादी कोंबडी असं आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. बोली लागली की माइकवर नाव पुकारतात. एका वर्षी एक लिंबू अकराशे रुपयांना गेलं, केवढ्या टाळ्या! घेणारा मीच. घरी त्याचं त्याच दुपारी सरबत झालं, आणि पुढे सहा महिने वहीत माझ्याच अक्षरात, माझ्याच नावापुढे 'येणे बाकी' होतं. दुसऱ्यांना थकबाकीची आठवण करून देताना मी ते पान पटकन उलटायचो.

आता गंमत अशी, की बोली लावताना माझं मन खोटं नव्हतं. खरंच भरून आलं होतं. म्हणून कोण खरा, कोण दिखाऊ हे बाकावर बसून ठरवणं मला जमत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त भेटला नव्हता, हे आपल्याला साधारण आठ वर्षांनी उमगलं, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं. मधल्या वर्षांत कुणी त्यांना दिखाऊ म्हटलं असतं तर?

येशूने शास्त्री-परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या यहुदी धर्मपुढाऱ्यांना, चुना लावलेल्या कबरी (बाहेरून पांढऱ्या, आत कुजलेल्या) म्हटलं, पण तोंडावर म्हटलं. आणि त्याच लोकांचं वजन असलेल्या सभास्थानात, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनाघरात, तो शब्बाथ दिवशी (आठवड्याच्या विसाव्याच्या दिवशी) परिपाठाप्रमाणे जातही होता. तुम्हाला कॅमेरा खुपत असेल तर पाळकसाहेबांना सरळ भेटून सांगा, निदान प्रार्थनेपुरता तरी बंद ठेवा म्हणून. आमच्याकडे दोघांनी सांगितलं, आता ठेवतात. जाणं मात्र मी सोडलं नसतं.

लिंबाचे पैसे मी खजिनदारी सोडायच्या आदल्या दिवशी भरले. पावती माझी मलाच फाडावी लागली.