युकॉनमध्ये आरव्हीने फिरताना अस्वलांपेक्षा कशाची काळजी करावी?

खानापूर आणि निपाणीकडचे तुम्ही चार मित्र पुढच्या जूनमध्ये कॅनडाच्या युकॉन प्रदेशात आरव्ही, म्हणजे राहण्या-जेवण्याची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घेऊन अलास्का हायवेने फिरण्याचा बेत करत आहात, आणि अस्वलांचे भय कितपत खरे, ध्रुवीय प्रकाश दिसेल का, जेवणाचे कसे करावे, असे तुम्ही विचारले आहे. मी बेळगावचा. 2019 च्या ऑगस्टअखेरीस आम्ही चार वर्गमित्रांनी युकॉनची राजधानी व्हाइटहॉर्स येथे 25 फुटी गाडी घेतली आणि 14 दिवस याच रस्त्यावर काढले. एका बाजूला ब्रिटिश कोलंबियातील लिआर्डच्या गरम पाण्याच्या झऱ्यांपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला अलास्काच्या सीमेजवळच्या बीव्हर क्रीकपर्यंत आम्ही गेलो. त्या अनुभवावरून सांगतो की अस्वलांची माहिती जरूर घ्या, पण आधी गाडीखालच्या टाक्यांची घ्या.

अशा गाडीत तीन टाक्या असतात: एक स्वच्छ पाण्याची, दुसरी मोरी आणि आंघोळीच्या सांडपाण्याची, तिसरी संडासाची. स्वच्छ पाणी साधारण दीडशे लिटरच्या आतच मावते, आणि चौघांनी घरच्यासारख्या आंघोळी केल्या तर ते एका दिवसात संपते. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गल्लीत वाढलेल्यांना याचे काही वाटू नये, असा माझा समज होता. तो दुसऱ्याच सकाळी खोटा ठरला. तिसरी टाकी तर भरल्यावर स्वतःच्या हाताने, ठरवून दिलेल्या जागी रिकामी करावी लागते. आधी संडासाची टाकी सोडावी आणि मग सांडपाण्याची, म्हणजे नळी आपोआप धुऊन निघते. हातमोजे घरूनच न्यावेत. पहिल्या वेळी आमच्यातील दोघे अचानक फोटो काढण्यात गुंतले, आणि उरलेल्या दोघांच्या मनात जो राग साचला तो पुढचे तीनशे किलोमीटर गाडीत बोलला गेला नाही, पण जाणवत राहिला. त्या रात्री आम्ही वहीत पाळ्या लावल्या: गाडी, स्वयंपाक, भांडी, टाकी. तुम्ही त्या निघण्यापूर्वीच लावा. वीस वर्षांची मैत्री असली तरी चौघांनी आलटून पालटून संडासाची टाकी रिकामी करण्याचा प्रसंग बहुधा त्या मैत्रीत आलेला नसतो.

दुसरी गोष्ट अंतरांची. आपण अरण्य म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याचा घाट येतो. झाडी कितीही दाट असली तरी थोड्या वेळात चहाची टपरी येतेच. तिकडे अलास्का हायवेवरच्या फोर्ट नेल्सन आणि वॉटसन लेक या गावांमधले अंतर पाचशे किलोमीटरांच्या वर आहे, म्हणजे बेळगावहून जवळजवळ बेंगळुरू. आणि एवढ्या वाटेत एकही शहर नाही, असतात ती रस्त्याकडेची तुरळक विश्रामगृहे, तीही काही वेळा बंद. फोनला बराच काळ सिग्नल मिळत नाही. गाडी लिटरला जेमतेम चार-पाच किलोमीटर चालते. म्हणून इंधनाचा काटा निम्म्यावर आला की पुढचा पंप कितीही जवळ दिसत असला तरी टाकी भरून घ्यावी. दिवसाला तीनशे किलोमीटरांपेक्षा जास्त पल्ला ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रस्ता 1942 साली अमेरिकी सैन्याने युद्धाच्या गरजेपोटी काही महिन्यांत खोदून काढला. आज तो बहुतांशी डांबरी आहे, पण क्लुएन सरोवराच्या पुढे बीव्हर क्रीककडे जाताना त्याचे खरे रूप कळते. तिथे जमिनीखाली वर्षानुवर्षे न वितळलेला बर्फाळ थर आहे. रस्ता बांधताना वरचे झाडोऱ्याचे आच्छादन गेले, काळे डांबर ऊन शोषते, खालचा बर्फ वितळतो आणि जमीन ठिकठिकाणी खचून रस्त्याला लाटा येतात. मी अशा एका लाटेवर नव्वदच्या वेगाने गाडी घातली. वरचे कपाट उघडले, घरून नेलेला संकेश्वरी मिरचीच्या तिखटाचा डबा खाली आपटून फुटला, आणि चौघेही रस्त्याकडेला उतरून अर्धा तास शिंकत आणि डोळे पुसत उभे राहिलो. त्यानंतर प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी कपाटांच्या कड्या तपासणे हेही वहीत चढले.

आता अस्वले. आम्हाला सहा दिसली, सर्व गाडीतून. बहुतेक रस्त्याकडेचे गवत आणि फुले खात होती. भय निराधार मात्र नाही: 1997 साली लिआर्डच्या झऱ्यांजवळच काळ्या अस्वलाच्या हल्ल्यात दोन माणसे मृत्युमुखी पडली. नियम साधे आहेत. अन्न, खरकटे, साबण, दंतमंजन यांपैकी काहीही रात्री बाहेर ठेवू नये. पायी फिरताना चौघांनी एकत्र, बोलत चालावे. अस्वलासाठीचा मिरचीचा फवारा प्रत्येकाच्या कमरेला असावा. तो विमानात नेता येत नाही, तिथेच विकत घ्यावा. अस्वलापेक्षा रस्त्यावर आडवे येणारे बायसन, म्हणजे तिकडचे रानगवे, अधिक धोक्याचे वाटले. लिआर्ड परिसरात त्यांचे कळप डांबरावरच उभे असतात आणि हॉर्नला जुमानत नाहीत.

ध्रुवीय प्रकाश जूनमध्ये दिसणार नाही, कारण त्याला अंधार लागतो. 21 जूनच्या सुमारास व्हाइटहॉर्सला सुमारे 19 तास दिवस असतो आणि उरलेल्या वेळातही संधिप्रकाश असतो. ध्रुवीय प्रकाश हवाच असेल तर ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरचा आरंभ निवडा. तेव्हा डास पुष्कळ कमी झालेले असतात आणि डोंगर तांबडे-पिवळे होतात. आम्हाला क्लुएनच्या काठी एका रात्री दोन वाजता तो दिसला: हिरवट, चंदेरी, फार ठळक नव्हे. निपाणीचा मित्र मात्र उठलाच नाही, आणि आता सर्वांत रंगवून तोच सांगतो.

जेवणासाठी कडक भाकरी, शेंगाचटणी, मेतकूट, भडंग यांवर आमचे अर्धे दिवस निघाले. गाडीत फोडणी दिली की धुराचा भोंगा वाजतो, म्हणून स्वयंपाक बाहेर करावा. युकॉन सरकारच्या मुक्कामाच्या तळांवर जळाऊ लाकूड तळाच्या शुल्कातच मिळते. सोबत नेलेले सर्व खाद्यपदार्थ विमानतळावर जाहीर करावेत. कुंदा नेण्याचा मोह होईल, पण दुधाच्या पदार्थांचे नियम आधी पाहावेत.

उत्तरेकडे जाणाऱ्या डेम्पस्टर हायवेने उत्तरध्रुव वृत्त ओलांडण्याचा विचार असेल तर भाड्याचा करार नीट वाचा. हा 736 किलोमीटरांचा रस्ता खडीचा आहे आणि बहुतेक कंपन्या आपली आरव्ही तिकडे नेऊ देत नाहीत. नेली आणि काच फुटली तर विमा उपयोगी पडत नाही. भाड्यात किती किलोमीटर धरले आहेत, तेही विचारून घ्या.

गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा. तो एक वर्ष चालतो. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने जायचे असते, म्हणून पहिला दिवस व्हाइटहॉर्सच्या आसपासच हात बसवण्यात घालवा. अलास्कात शिरायचे असेल तर अमेरिकेचा व्हिसा वेगळा लागतो. आमच्यातील एकाकडे तो नव्हता, म्हणून आम्ही बीव्हर क्रीकला कॉफी घेऊन गाडी वळवली.