सत्तरीतल्या वडिलांची चालताना जांघ दुखते, हे खुब्याचं दुखणं असेल का?

बरेचदा हो. खुब्याचा सांधा झिजला की दुखतं ते जांघेत, कधी तर नुसत्या गुडघ्यात, आणि लोक गुडघ्याचाच एक्स-रे काढत बसतात. मोजा घालायला पाय वर घेता येत नाही, खुर्चीतून उठल्यावर पहिली चार पावलं आखडलेली पडतात, असं असेल तर माझा संशय सांध्यावरच. कुल्ह्यातून पोटरीपर्यंत कळ जात असेल तर कंबर तपासा. खोकताना जांघेत फुगवटा आला तर हर्निया. मात्र पडल्यानंतर दुखू लागलं असेल, तर चालता येतंय म्हणून घरी थांबू नका. बारीक फ्रॅक्चर साध्या एक्स-रेत सुटू शकतं, मग एमआरआय लागतो. आणि हो, काठी दुखऱ्या बाजूला नव्हे, विरुद्ध हातात धरायची.