कथक शिकल्यावर आफ्रो-कॅरिबियन नृत्यात करिअर होईल का? सादरीकरण आणि शिकवणं, दोन्ही?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत राहता, आठ वर्षं कथक झालंय, वर्षभर आफ्रो-कॅरिबियन वर्गांना जाताय आणि आता पूर्ण वेळ यातच उतरायचा विचार आहे.

होईल, पण नुसत्या कार्यक्रमांवर घर चालणार नाही. या क्षेत्रात नियमित पगार देणाऱ्या नृत्यसंस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. बाकीचं काम त्या त्या कार्यक्रमापुरतं आणि बिदागीवर असतं. महिन्याचा खर्च निघतो तो शिकवण्यातून: स्टुडिओतले वर्ग, शाळांमधले काही आठवड्यांचे उपक्रम, विद्यापीठांतलं अर्धवेळ अध्यापन. या वाटेचा पाया घालणाऱ्या अमेरिकन नर्तकी कॅथरीन डनहॅमनीही तेच केलं. मानववंशशास्त्राच्या विद्यार्थिनी म्हणून त्यांनी 1935-36 मध्ये हैती, जमैका, मार्टिनिक आणि त्रिनिदादला जाऊन अभ्यास केला, रंगमंच गाजवला, पण न्यू यॉर्कमध्ये शाळाही काढली आणि 1967 मध्ये ईस्ट सेंट लुइसला प्रशिक्षण केंद्र उभं केलं.

माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला: आधी कॅरिबियनमधलं एक बेट निवडा आणि तिथले ढोल शिका. वर्गाच्या पाटीवर ‘आफ्रो-कॅरिबियन’ लिहिलेलं असलं तरी आत तीन-चार वेगळ्या परंपरा असतात आणि त्यांचे नियम एकमेकांच्या उलट असू शकतात. हैतीच्या यानवालू या नाचात मानमान, सेगोन आणि बुला असे तीन ढोल असतात, आणि ओगान नावाचं लोखंडी वाद्य काळ धरून ठेवतं. मुख्य ढोल मानमान. त्याने ‘कासे’ म्हणजे ठेका मोडणारा तुकडा वाजवला की नर्तकाने हालचाल बदलायची. म्हणजे हुकूम ढोलाचा. प्वेर्तो रिकोच्या बोंबा या नाचात नेमकं उलट. बुलेआदोर ढोल ठेका धरतो, नर्तकी आत येऊन ढोलाला नमस्कार करते, मग पिकेते म्हणजे अंगाचे नेमके झटके देते, आणि प्रिमो म्हणजे मुख्य ढोल वाजवणाऱ्याने ते पाहून त्याच क्षणी थाप द्यायची. इथे ढोलाची वाट पाहत उभं राहिलात तर नाचच थांबतो, आणि यानवालूत स्वतःच्या मनाने तुकडे घेतलेत तर वादकाचा कासे वाया जातो. वर्षभर सगळे वर्ग थोडे थोडे करणारे विद्यार्थी इथेच अडकतात. पावलं पाठ असतात, पण कोण कोणाचं ऐकतंय हे माहीत नसतं. तुमच्या जवळपास बोंबासाठी ईस्ट हार्लेमची लोस प्लेनेरोस दे ला 21 ही संस्था आहे, इतर प्रकारांसाठी ब्रुकलिनचं कुंबे हे नृत्यकेंद्र आहे. नाचाच्या दर दोन वर्गांमागे ढोलाचा एक वर्ग लावा.

कथकचा फायदा लयीत होईल. यानवालू 12/8 मध्ये चालतं. तिस्र जाती धरा, चार मात्रा आणि प्रत्येकीत तीन भाग, की ते पटकन अंगात बसतं. शरीराला मात्र त्रास होईल. कथकमध्ये गुडघा सरळ, पाठ ताठ आणि पाऊल वरून आपटायचं. यानवालूत गुडघे सतत वाकलेले, धड खुब्यातून पुढे झुकलेलं, आणि लाट खुब्यांपासून सुरू होऊन कंबर, बरगड्या, खांदे, मान अशी वर चढते. कथकवाले बहुतेकदा फक्त छाती पुढे-मागे करतात. बरगड्यांमागचा मणका हलत नाही, मग सगळा वाक कमरेच्या खालच्या भागावर पडतो आणि काही आठवड्यांत तिथे दुखू लागतं. उपाय सावकाश आहे. हात-पाय टेकून चौपायी स्थितीत एकेक मणका हलवायचा सराव रोज दहा मिनिटं, मग भिंतीला पाठ लावून, मग उभं राहून, आणि ठेका सगळ्यात शेवटी. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतोय का, ते आरशात बघा. आत वळत असेल तर बैठक थोडी उंच घ्या.

शिकवायला लागाल तेव्हा दीड तासाच्या वर्गात तीसेक मिनिटं अंग गरम करणं आणि अवयव सुटे हलवणं, तीसेक मिनिटं हॉलच्या एका टोकाकडून दुसरीकडे ओळीने जाणं, उरलेल्या वेळात रचना आणि शेवटी वादकांना नमस्कार. तो नमस्कार घाईत उरकू नका. आणि रेकॉर्डवर शिकवू नका. रेकॉर्ड विद्यार्थ्याची चूक पाहून थांबत नाही, कासेही देत नाही.

वादकांसह वर्ग चालवण्याचा हिशेब आधी करा. उदाहरणादाखल, हॉल तासाला 40 डॉलर म्हणजे दीड तासाचे 60, दोन वादक प्रत्येकी 60, एकूण 180. फी 18 डॉलर असेल तर पहिले दहा विद्यार्थी फक्त खर्च भरून काढतात. वर्ग लहान असेल तर एकच वादक घ्या, पण त्याची बिदागी कापू नका. चांगला वादक गेला की मागोमाग विद्यार्थीही जातात.

क्यूबाच्या ओरिशा नृत्यांकडे वळलात तर एक भान हवं. ही देवतांची नृत्यं आहेत. दीक्षा दिलेले बाता ढोल विधीसाठी असतात, रंगमंचावर दीक्षा न दिलेले वापरतात. अंगात आल्याचा अभिनय प्रेक्षकांसाठी करू नये, असं माझं ठाम मत आहे. रंगमंचाचं शिस्तबद्ध रूप कसं असतं ते पाहायचं तर हवानातल्या, 1962 मध्ये स्थापन झालेल्या कोन्हुन्तो फोल्क्लोरिको नासिओनाल या लोकनृत्यसंस्थेचं काम पाहा.

हॉल घेताना जमीन तपासा. काँक्रीटवर थेट चिकटवलेलं लाकूड उपयोगाचं नाही, खाली पोकळी किंवा फोम हवा, नाहीतर नडगी दुखायला लागते. व्हिनाइलच्या चादरीवर अनवाणी तळव्यांना फोड येतात.

बोंबाच्या घागऱ्याला सुती पॉपलिन घ्या, सिंथेटिक कापड पायाला चिकटतं. कंबर 72 आणि लांबी 90 सेंटिमीटर असेल तर एका पूर्ण वर्तुळाचा घेर साधारण 6.4 मीटर होतो, दोन वर्तुळांचा (कंबर दोघांत निम्मी-निम्मी वाटून) 12 मीटर. लांबी अनवाणी, गुडघे वाकवून मोजा.

शेवटचं, पण पूर्ण वेळ उतरण्याआधी बघायचं: तुम्ही एच-4 म्हणजे जोडीदाराच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर असाल आणि ईएडी म्हणजे काम करण्याचा परवाना नसेल, तर रोख घेऊनही वर्ग चालवता येत नाही. परवानगी असेल तर स्टुडिओ बहुधा 1099 म्हणजे स्वतंत्र कंत्राटदाराच्या मिळकतीचा कर-फॉर्म देतील. कर कापलेला नसतो, आणि आयकराशिवाय 15.3 टक्के स्वयंरोजगार करही भरावा लागतो. म्हणून मिळकतीचा निदान चौथा हिस्सा पहिल्या महिन्यापासून वेगळ्या खात्यात टाका.