प्राण्यांच्या हंगामांचा अभ्यास: पोटापाण्याचे काय?

चिपळूणहून एका वडिलांनी लिहिले आहे: "मुलगी बीएस्सी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कुठला जंगली प्राणी कोणत्या ऋतूत कुठे असतो, याचा अभ्यास करायचा म्हणते. यात पोट भरेल का? आणि ती रानात एकटी फिरणार का?"

नमस्कार. आधी पोटाचे बोलू. सुरुवातीची कामे प्रकल्पावरची, सहा महिने ते वर्षभराची, कंत्राटी. दोन प्रकल्पांच्या मध्ये रिकामे महिने जातात, ते धरूनच चाला. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडीची पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये मिळतात. वनक्षेत्रपाल व्हायचे तर एमपीएससी, पण ती वाट प्रशासनाची आहे. एमएस्सीसाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळुरूचे एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) किंवा पुण्याच्या गरवारे महाविद्यालयातला जैवविविधतेचा अभ्यासक्रम बघा. पहिल्या दोन ठिकाणी जागा मोजक्या असतात, म्हणून प्रवेशाच्या जाहिरातीवर आतापासून नजर ठेवा.

मुले अडतात ती मात्र संख्याशास्त्रात. रानात लावलेल्या ट्रॅप कॅमेऱ्यात, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात, पावसाळ्यात भेकराचे फोटो निम्म्यावर आले, तर भेकरे कमी झाली की कॅमेरा आंधळा झाला? हा प्रश्न ज्याला पडतो, त्यालाच हे काम जमते. हा कॅमेरा प्राणी आणि पार्श्वभूमी यांच्या तापमानातला फरक टिपतो. मे महिन्याच्या दुपारी दगड-माती प्राण्याच्या अंगाइतकीच तापली, की समोरून गवा गेला तरी फोटो निघेलच असे नाही. पावसाळ्यात उलटे होते. दहा दिवसांत गवत भिंगापर्यंत वाढते, वाऱ्याने हलते आणि कार्डावर हजारभर फोटो नुसत्या गवताचे येतात. बॅटरी संपते ती वेगळीच.

म्हणून कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर, वाटेपासून तीन-चार मीटरवर लावायचा. पिसोरीसारखा बुटका प्राणी असेल तर आणखी खाली. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला, नाहीतर उगवते-मावळते ऊन भिंगात शिरते. आत सिलिका जेलची पुडी. लावून झाला की पहिला फोटो हातातल्या घड्याळाचा घ्यायचा, कारण बॅटरी बदलताना कॅमेऱ्यातले घड्याळ चुकते आणि मग दिवसा फिरणारे भेकर नोंदीत रात्री दोनला चरताना दिसते! एकाच जातीच्या प्राण्याचे अर्ध्या तासातले फोटो सहसा एकच नोंद धरतात. आपल्याकडे जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, मे अखेरीस सहाच्या सुमारास. म्हणून साडेसहाची नोंद एका ऋतूत अंधारातली, दुसऱ्यात उजेडातली. वेळ सूर्योदयापासून मोजली नाही तर प्राण्याने सवय बदलल्याचा खोटाच निष्कर्ष निघतो. आणि शेकरू? ते झाडावरून झाडावर जाते, त्यामुळे जमिनीवरच्या कॅमेऱ्यात क्वचितच येईल.

सध्या कॅमेरा घेऊन देऊ नका. गावाजवळच्या खासगी रानातली एक किलोमीटरची वाट मालकाला विचारून तिने ठरवावी, आणि वर्षभर दर पंधरवड्याला सकाळी त्याच वेळी चालावी. लेंड्या, विष्ठा, खूर, साळिंदराचे काटे, सगळे तारखेनिशी वहीत उतरवावे. पावसात लेंड्या लवकर विरघळतात, शेणकिडे उरलेल्या नेतात. तेव्हा जुलैतले शून्य म्हणजे 'प्राणी नाही' असे लिहू नये. या नोंदी 'आर' या मोफत संगणकप्रणालीत भरून आलेख काढायला ती शिकली, तर अर्जासोबत दाखवायला हातात काही असेल.

कोयना अभयारण्यात किंवा चांदोली राष्ट्रीय उद्यानात मात्र परवानगीशिवाय पाऊल नको. अभ्यासासाठीचा परवाना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांकडून मिळतो. कागदपत्रांना महिने लागतात, म्हणून संस्थेच्या मार्गदर्शकामार्फत आधीच अर्ज करायचा.

एकटीचे म्हणाल, तर शिस्तीच्या प्रकल्पात कोणीच एकटे जात नाही, बरोबर वनरक्षक किंवा गावातला वाटाड्या असतो. तिच्या सरावाच्या वाटेवरही कोणीतरी सोबत असू द्या. गमबूट, पूर्ण बाह्या आणि परतल्यावर अंगावरच्या गोचिडी तपासणे एवढे नेमाने हवे. सिंधुदुर्गात गोचिडींमधून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. रानातून आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीचे आधी सांगायचे.