निळा पंप महिन्यातच संपतोय? दम्याच्या पंपाबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न (नाशिक): डॉक्टर, माझ्या मिस्टरांना दमा आहे. निळा पंप दिवसातून तीन-चार वेळा घेतात, दर वेळी दोन पफ, महिन्यात डबा रिकामा. सासूबाई म्हणतात पंपाची एकदा सवय लागली की सुटत नाही. खरंय का?

ताई, सवय नाही लागलेली, दमा कंट्रोलमध्ये नाहीये म्हणून पंप लागतोय. दम्यात दोन गोष्टी होतात, श्वासनळीभोवतीचे स्नायू आवळतात आणि नळीला आतून सूज येते, चिकट कफ धरतो. निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल फक्त स्नायू सैल करतं, पाचेक मिनिटांत मोकळं वाटतं, ते चार ते सहा तास टिकतं, पण सूज आहे तिथेच राहते आणि माणसाला वाटतं आता बरंय. त्यात रोज रोज मारला की त्याचा असरही कमी होत जातो.

एका डब्यात साधारण 200 पफ असतात. वर्षाला 3 किंवा जास्त डबे लागत असतील तर मोठा अटॅक यायचा धोका वाढतो, आणि 12 म्हणजे महिन्याला एक, तिथे जिवाचा धोका वाढलेला असतो. घाबरवायला लिहीत नाहीये, पण हे तुम्हाला स्पष्ट सांगायलाच हवं. सूज उतरवायला स्टेरॉइडचा पंप लागतो. ‘जिना’ ही जगभर मानली जाणारी दम्याची गाइडलाइन, तिने 2019 पासून मोठ्या माणसांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका असंच सांगितलंय. स्टेरॉइड म्हटलं की घरात सगळे दचकतात, मला माहितीय, पण पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि थेट फुप्फुसात जातो, घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकायचं एवढं लक्षात ठेवा. याच आठवड्यात छातीच्या डॉक्टरांना दाखवा आणि तोपर्यंत निळा पंप बंद करू नका.

प्रश्न (सोलापूर): पंप मारला तरी फरक पडत नाही, नुसती तोंडात चव येते. पंप खराब आहे का?

बहुतेक वेळा पंप चांगला असतो, औषध जिभेवर बसतं. मागे एक काका आले होते, म्हटलं माझ्यासमोर घेऊन दाखवा. त्यांनी पंप हलवला नाही, तोंड आ करून फस्सकन दाबला, आणि पांढरा धूर तोंडातून तसाच बाहेर आला. दोन वर्षं ते असाच घेत होते आणि कुणी बघितलंच नव्हतं!

तुम्ही असं करा. झाकण काढा, पंप चांगला हलवा, आधी श्वास पूर्ण सोडा, मग पंपाचं तोंड तोंडात धरून त्याभोवती ओठ घट्ट मिटा आणि हळू श्वास आत ओढायला सुरुवात करतानाच एकदा दाबा आणि ओढतच राहा, सावकाश, भुरका मारल्यासारखं नाही. मग दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखा. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने, पुन्हा हलवून. हे टायमिंग जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, घ्या, लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना तर मी स्पेसरशिवाय पंप देतच नाही. स्पेसर साबणाच्या पाण्याने धुवा आणि तसाच निथळत ठेवा, फडक्याने पुसलात की आत स्टॅटिक, म्हणजे घासल्याने येणारी स्थिर वीज, तयार होते आणि औषध प्लास्टिकला चिकटून बसतं.

प्रश्न (रत्नागिरी): पंपापेक्षा गोळी सौम्य ना?

उलटं आहे. साल्ब्युटामॉलची एक गोळी 4 मिलिग्रॅमची, पंपाचा एक पफ 100 मायक्रोग्रॅमचा, म्हणजे एका गोळीत 40 पफचं औषध, तेही सगळ्या अंगात फिरून मग छातीत जाणार. हात थरथरणं, धडधडणं गोळीने जास्त होतं.

प्रश्न (पुणे): आईला रात्री अचानक दम लागला तर घरी किती पफ द्यायचे? आम्ही सगळे गडबडून जातो.

आधी आईला बसवा, आडवं करू नका, कपडे सैल करा. स्पेसरमधून निळ्या पंपाचे 4 पफ, पण एकदम नाही, एक पफ मारायचा, 4 श्वास घ्यायचे, मग दुसरा. 4 मिनिटं थांबा. आराम नाही पडला तर पुन्हा 4. तरीही तसंच असेल तर 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत दर 4 मिनिटांनी 4 पफ देत राहा, जास्त होईल म्हणून हात आखडू नका. एक वाक्य सलग बोलता येत नाहीये, ओठ निळसर पडलेत किंवा आई गुंगीत जातेय असं दिसलं तर थांबून बघत बसूच नका, पहिला फोन 108. छातीतली घरघर एकदम बंद झाली पण धाप तशीच आहे, तर बरं वाटलं समजू नका, हवा आत जातच नाहीये. आणि आराम पडला पण तीन-चार तासांत परत पंप लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रश्न (कल्याण): डब्यात औषध उरलंय की नाही कसं कळणार? पाण्यात टाकून बघू का?

नको. औषध संपल्यावरही डब्यात गॅस राहतो, हलवला की आवाज येतो, दाबला की फवारा उडतो, आणि नेमका अटॅकच्या वेळी रिकामा पंप हातात येतो. आकडा दाखवणारा काउंटर असेल तर उत्तम, नसेल तर उघडला त्या दिवशी डब्यावर मार्करने तारीख टाका. नाशिकच्या ताई, तुम्हीही आजच टाका, आणि मिस्टरांना दाखवायला न्याल तेव्हा हा डबा सोबत घेऊन जा.