इंदूरमधे आईसाठी वृद्धाश्रम बघताना स्वच्छता आणि डॉक्टर सोडून अजून काय बघावं?

स्वच्छता, डॉक्टर हे तर हवंच, पण मी आधी एकच विचारीन, सकाळचा चहा किती वाजता मिळतो? माझी आत्या इथेच एका ठिकाणी होती (नाव नाही घेत), जन्मभर पाचला उठून आल्याचा चहा घेणारी बाई, तिथे चहा साडेसातला, सगळ्यांना एकसारखा गोड, आणि ती अडीच तास पलंगावर बसून दाराकडे बघत राहायची. औषधं वेळेवर, चादरी पांढऱ्याशुभ्र, पण माणूस कोमेजलं ना!

टॉम किटवुड नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने डिमेन्शियाच्या (म्हणजे स्मरणशक्ती, समज हळूहळू कमी होत जाण्याच्या आजाराच्या) लोकांबद्दल हेच मांडलं होतं, आधी माणूस बघा, आजार नंतर. घाईघाईत भरवणं, त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दलच बोलणं, लहान मुलासारखं वागवणं, यानेही माणूस खचतो म्हणे, आणि हे बहुतेक वेळा मुद्दाम कोणी करतच नाही.

म्हणून जेवणाच्या वेळेला जा, न सांगता. स्टाफ आईंना नावाने हाक मारतो का नुसतं "माताजी चलो", ते ऐका. मराठी बोलणारं कोणी आहे का, हे नक्की विचारा, डिमेन्शियात पुष्कळदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते, मग चाळीस वर्षं राजवाड्याच्या बाजारात हिंदीत भाव केलेली बाईसुद्धा फक्त मराठीच बोलते.

आणि एका कागदावर आईंच्या सवयी लिहून द्या, पोह्यांवर शेव किती लागते तेही. आत्याच्या वेळी आम्ही तो फार उशिरा दिला.